क्यानल वकील

आमच्या सरांच्या ऑफिसात खुर्च्या होत्या, पण त्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या केलेल्या असत आणि सगळ्यात वरच्या खुर्चीवर जुन्या फायलींचा गठ्ठा. कुणाला बसायचंच झालं तर आधी थोडी हमाली करावी लागे. निपाणीच्या बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली. टेबल, कपाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खिडकीत बडीशेपेची बरणी. पक्षकार जिना चढून धापा टाकत वर यायचा, बसायला जागा शोधायचा, आणि सर त्याच्या हातावर चिमूटभर बडीशेप ठेवून म्हणायचे, "उद्या सकाळी क्यानलवर या. तितं बोलूया."

क्यानल म्हणजे गावाबाहेरचा जुना कालवा. इंग्रजांच्या काळात खणलेला. दगडी बांध, पाणी सोडायचे लोखंडी दरवाजे, त्या दरवाज्यांवर बांधलेली दगडी चौकी आणि काठाला मोठमोठी झाडं. अलीकडे सरकारनं त्याच्या एका काठाला उद्यान केलं. पायाखाली सिमेंटचे ठोकळे बसवले, लहान मुलांसाठी घसरगुंड्या आणल्या, व्यायामाची ती पिवळी-निळी लोखंडी यंत्रं उभी केली आणि गेटवर शिट्टी घेतलेला एक रखवालदार बसवला. रविवारी निपाणी-चिकोडीकडची माणसं पोराबाळांसह येतात, भडंग खातात, दरवाज्यांपुढं उभं राहून फोटो काढतात. बाकीच्या दिवशी सकाळी तिथे फिरायला येणारे पेन्शनर असत आणि आमचे सर.

सरांचा नियम साधा होता. गेटापासून दगडी चौकीपर्यंत पाण्याच्या दिशेनं चालायचं, तेव्हा पक्षकारानं बोलायचं आणि सरांनी एक शब्दही काढायचा नाही. चौकीला हात लावून मागे वळलं की सरांनी बोलायचं आणि पक्षकारानं तोंड बंद ठेवायचं. असं का, म्हणून मी विचारलं होतं. सर म्हणाले, "बसलेला माणूस सजवून सांगतोय. चालताना सजवायला दम पुरत न्हाय." त्यात तथ्य होतं. चौकी जवळ यायला लागली की बोलणाऱ्याच्या लक्षात यायचं, आता वाट संपत आली, आणि मग तो मुद्द्यावर यायचा. कितीतरी दाव्यांमधली खरी गोष्ट मी चौकीच्या अलीकडच्या पिंपळाखाली ऐकलेली आहे.

अंगात काळा कोट, गळ्याला पांढरा बँड आणि पायात कॅनव्हासचे बूट, असं ते ध्यान रोज सकाळी कालव्यावर दिसायचं. कोर्टात शिरताना ते बूट बदलायचे. एकदा विसरले आणि चिखलाच्या बुटांनीच युक्तिवादाला उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून खाली बघत विचारलं, वकीलसाहेब, हे काय? सर शांतपणे म्हणाले, साहेब, जागेची पाहणी करून आलोय. दावा चेक न वटल्याचा होता.

गावात त्यांना सगळे क्यानल वकील म्हणत. तोंडावरही म्हणत. सरांना त्याचं काही वाटत नसे, उलट पत्ता सांगायला बरं पडतं म्हणायचे.

मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून गेले तेव्हा बेळगावच्या लॉ कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. मार्कलिस्ट, सर्टिफिकेटं सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं होतं. सरांनी फोल्डरला हातही लावला नाही. माझ्या पायांकडे बघितलं. मी नव्या टाचांच्या चपला घालून गेले होते. "चालाय येतंय का?" त्यांनी विचारलं. मला रागच आला. मी म्हटलं, आमचं गाव खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या अलीकडे जंगलात. कॉलेजला जायचं तर रेल्वे पकडायला लोंढ्यापर्यंत चालतच जावं लागायचं, आणि पावसाळ्यात जळवा काढत. सरांचा चेहरा उजळला. "मग उद्यापासून या, वकीलबाई," म्हणाले. माझ्या शिक्षणाची चौकशी त्यांनी पुढे कधीही केली नाही.

पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आले. दुसऱ्या आठवड्यात मीही कॅनव्हासचे बूट घेतले आणि गावानं मला लहान क्यानल म्हणायला सुरुवात केली.

सगळेच पक्षकार चालण्याच्या लायकीचे नसत. एक सराफ होते, अंगानं भारदस्त, पायाला गाऊट. त्यांना सरांचा सल्ला तर हवा होता आणि पाऊल तर उचलायचं नव्हतं. त्यांनी रिक्षा केली. रिक्षा कालव्याच्या काठानं बैलगाडीच्या चालीनं, आत सराफ बोलतायत, शेजारून सर मान हलवत चालतायत, मागून मी. रखवालदार शिट्टी फुंकत मागे पळतोय, कारण उद्यानात वाहनाला बंदी. शेवटी रिक्षावाल्यानं घाबरून रिक्षा बंद केली आणि सराफांना उरलेली वाट पायी काढावी लागली. पिंपळापाशी पोचेपर्यंत त्यांनी कबूल केलं होतं की दुकानाच्या वाटणीत धाकट्या भावावर अन्याय झालाय. नंतर तो दावा आपसात मिटला. रिक्षावाला मात्र बरेच दिवस सरांना बघून रस्ता बदलायचा.

आता हे ऐकून कुणाला वाटेल की कालव्यावर नेलं की भांडणं मिटतात. तसं काही नव्हतं. एक नवरा-बायको घटस्फोटासाठी आले होते. दोघांनाही सरांनी चालवलं, जाताना बाईंना बोलू दिलं, मग पुन्हा एक खेप करून नवऱ्याला. घटस्फोट झालाच. पण मुलानं शनिवार-रविवार कुणाकडे राहायचं हे त्यांनी चौकीच्या पायरीवर उभ्या उभ्या ठरवलं, आणि ते अजून पाळतात म्हणे. सरांना तेवढंही पुरेसं वाटायचं.

उन्हाळ्यात कालव्याचं पाणी बंद होई. मग सरांची फार पंचाईत व्हायची. तळाला भेगा पडलेल्या, दरवाजे वर उचललेले, पाण्याची दिशा कळायची कशावरून? त्या दिवसांत ते कुणालाही सल्ला देत नसत. कोर्टात तारखांना तेवढे उभे राहत आणि घरी आल्यावर उगीच कपाट आवरत. पक्षकार झेरॉक्सवाल्याला विचारत, वकील भेटतील का? तो खालूनच सांगायचा, "क्यानल बंद हाय. वकील बी बंद." पाणी सुटल्याची बातमी कळली की सर शाळा उघडलेल्या मुलासारखे बूट धुऊन वाळत घालायचे.

या सगळ्यामागे काय आहे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तेही त्यांनी सहज सांगितलं. एकदा पक्षकार आलाच नाही, म्हणून आम्ही दोघंच चालत होतो. दगडी बांधाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो बांध घातला तवा आमची पणजी हितं मातीची पाटी वाहत होती. आमची सगळी वस्तीच कामाला होती. पाणी सुटलं त्या दिवशी गावजेवण झालं. आमच्या माणसांना वंजळभर पाणी घेऊ दिलं न्हाय. खाली, शेताच्या पाटाला जावा म्हटलं." आवाज चढलेला नव्हता. पुढे चालता चालता म्हणाले, "आता मी तिकीट काढून आत येतो. हितं नुसता फिरतो. आमच्यात नुसतं फिराय येणारा मीच पहिला."

मी मनात म्हटलं, सर, तुम्ही नुसते कुठे फिरता? तुम्ही तर ऑफिस घेऊन येता. सिमेंटचे एवढे बाक आहेत, त्यातल्या एकावर तुम्हाला टेकलेलं मी कधी बघितलेलं नाही. पण हे काही बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. पणजीची गोष्ट ऐकल्यावर तर नाहीच.

सरांना या जगात भीती एकाच माणसाची होती आणि काळजीही एकाच माणसाची, ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. सगळी वस्ती तिला आक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून आक्कानं विड्या वळून सरांना शिकवलं. लग्न झालं, नवरा वारला, परत भावाकडे आली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. निपाणीत हे काही नवं नाही. दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात, पान कापतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा बांधतात, आणि बोलणं चालूच. सर वकील झाले, घर बांधलं, बायको शाळेत नोकरीला, मुलगा बेंगळूरला, तरी आक्काचं सूप सुटलं नाही. सर भांडायचे. आक्का म्हणायची, "तू कोर्टात जातोस तवा मी काय म्हणतो का, आता पुरे म्हणून?"

मग तिला खोकला धरला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, तंबाखूच्या धुळीत एक दिवससुद्धा बसायचं नाही. सरांनी त्याच संध्याकाळी सूप, कात्री, पानाचा साचा सगळं शेजारणीला देऊन टाकलं. आक्का काही बोलली नाही. आणि हेच वाईट झालं.

मी कागदांवर सह्या घ्यायला सरांच्या घरी जायचे तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. टीव्ही लावलेला, तिचं लक्ष नाही. हात मांडीवर, आणि बोटं आपली वळतायत. विडी नसताना वळतायत. जेवण अर्ध्यावर आलं होतं. खोकला कमी झाला पण माणूस वाळत चाललं. डॉक्टर म्हणाले, छाती सुधारतेय, आता मन लागलं पाहिजे, बाहेर मोकळ्या हवेत न्या, फिरवा. सरांना वाटलं, यापेक्षा सोपं काय? मोकळ्या हवेतला त्यांच्याएवढा जाणकार तालुक्यात दुसरा नव्हता.

पण आक्का तयार होईना. सर रोज विनवायचे. तिकीट दाखवायचे, फोटो दाखवायचे. एकदा माझ्यासमोरच हा विषय निघाला. आक्का म्हणाली, "मी ल्हान असताना दुष्काळाच्या कामावर गेलतो आईसंगट. त्याच क्यानलमधला गाळ डोक्यावर वाहिलाय मी. त्या जाग्यात फिराय काय जायचं? फिरणं म्हंजे काय करायचं असतंय?" सर म्हणाले, काही करायचं नसतं, आक्का, तेच तर. आक्कानं त्यांच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की त्यांनी फाईल उघडली. काही न करणं हे तिला दुखणंच वाटत होतं. दुखण्यावर औषध म्हणून आणखी दुखणंच सांगितलं तर कोण घेईल?

घराचा जिना उतरताना सर मला म्हणाले, "कोर्टात मी कुणाला बी पटवतो. हिला पटवाय आलं न्हाय तर ही अशी भिंतीकडं बघत संपणार." त्यांचे डोळे भरून आले होते.

नंतर एक दिवस आम्ही आक्काला डॉक्टरांना दाखवून परत येत होतो. सरांचा एक पक्षकार कालव्यावर वाट बघत होता. सर म्हणाले, आक्का, जरा थांबूया, लगेच येतो. गाडी गेटापाशी सावलीत लावली, मला तिच्याजवळ बसवलं आणि ते गेले. आक्का गाडीतून खाली उतरायला तयार नव्हती. पदर सावरून समोरच्या काचेतून बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, घसा कोरडा पडलाय. मी चहाच्या गाड्यावर गेले. तिथे गर्दी होती. चहा घेऊन परत आले तर गाडीचं दार उघडं आणि आत कुणी नाही.

कालव्याला पाणी काठोकाठ होतं. मला आधी पाणीच दिसलं. दोन्ही पेले हातातून सुटले. मी रखवालदाराला विचारलं, त्यानं एक म्हातारी आत गेल्यासारखी वाटली म्हणून सांगितलं, पण कुठल्या बाजूला ते त्याला माहीत नव्हतं. मी सरांना फोन केला. सर चौकीच्या बाजूनं पळत आले. पक्षकाराला बोलता बोलता मध्येच टाकून, कोट उडतोय, पाण्याच्या उलट दिशेनं, आणि तोंडानं नुसतं "आक्का, आक्का". इतक्या दिवसांत मी त्यांना कधी पळताना बघितलेलं नव्हतं. आम्ही काठाकाठानं बघत गेलो. पाण्यात वाहत आलेली एक चिंधी दिसली तर सर मटकन खालीच बसले. मी जवळ जाऊन बघितलं, पोतं होतं.

घसरगुंड्यांच्या मागे हिरवळीत बायका गवत काढत होत्या. ठेकेदाराच्या कामावरच्या. डोक्यावर पदर, वरून टॉवेल, हातात खुरपं, सगळ्या पाठमोऱ्या, एका रांगेत उकिडव्या. एक तरुण मुकादम कानाला फोन लावून त्यांच्यामागे येरझाऱ्या घालत होता. फोन बाजूला करून तो टोकाच्या बाईला म्हणाला, "ए म्हातारे, उशिरा आलीस, निदान हात तरी चालव. बोलाय आलीस का कामाला?"

टोकाची बाई आक्का होती.

सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा मुकादम संपला. मजुरांच्या बाजूनं कोर्टात गरजणारा वकील, आणि त्याच्याच बहिणीला हा पोरगा म्हातारे म्हणतोय. सर तरातरा गेले. आक्कानं मान वर केली. तिच्या हातात खुरपं होतं, दुसऱ्या हातात मुळासकट गवत, आणि बोटं अगदी शांत. ती हसली. मला तिचं हसणं माहीतच नव्हतं, खालचे दोन दात पडलेत हे तेव्हा कळलं.

"गप की रं," ती सरांना म्हणाली. "काम चाललंय न्हवं."

सर उभेच राहिले. मग कोट वर उचलून ते तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि गवत उपटायला लागले. ते त्यांना काही जमत नव्हतं, वरची पातीच हातात यायची. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुकादमानं आता कुठे नीट बघितलं, पांढरा बँड ओळखला, आणि चटकन फोन खिशात घातला. वकीलसाहेब, चूक झाली, मला वाटलं नवी बाई आलीया, असं तो म्हणत राहिला. आक्कानं त्याला सांगितलं की त्याची काही चूक नाही, तिला खरंच उशीर झाला होता.

दुपारी त्या बायकांनी झाडाखाली भाकरी सोडली. झुणका, लाल मिरचीचा खर्डा, कुणाकडे दही. आक्काला त्यांनी मध्ये बसवून घेतलं. तिनं अख्खी भाकरी खाल्ली. मला तिच्याजवळ ठेवून कोर्टात गेलेले सर मधल्या सुट्टीत पळत आले होते, लांब उभं राहून ते बघत होते. जेवल्यावर बायका तिथेच आडव्या झाल्या, कामावरच्या माणसांची रीत असते तशी, आणि आक्काही त्यांच्यात डोक्याखाली हात घेऊन झोपली. दिवसाउजेडी झोपणारी ती नव्हे. सर मला हळूच म्हणाले, चला, आवाज करू नका.

त्यानंतर ती रोज यायची. सर सकाळी पक्षकाराबरोबर चालायला जायचे तेव्हा गाडीत आक्का असायचीच, मांडीवर स्वतःचं खुरपं आणि फडक्यात भाकरी. सरांची मात्र पंचाईत झाली. फुकट राबवून घेणं कायद्यात बसत नाही, हे त्यांनीच दुसऱ्यांच्या दाव्यांत घसा फोडून मांडलेलं. त्यांनी मुकादमाला सांगून बघितलं, तो म्हणाला, मी काय करू साहेब, तिला नको म्हटलं तर मलाच बोलणी बसतात. त्यांनी आक्काला कायदा समजावला. ती म्हणाली, "तुजा कायदा कोर्टात ठेव. मी काय तुज्या क्यानलवर गवत काढत न्हाय. माज्या काढतोय." सरांनी यावर अपील केलं नाही.

हळूहळू मी बघत होते. आधी ती रांगेत शेवटपर्यंत खुरपायची. मग मधूनमधून उठून पाण्याकडे बघत उभी राहायला लागली. गाळ काढताना तळातून वर चढायची जी पायवाट होती तिथे आता फुलझाडं लावलीत, ती जागा तिनं मला दाखवली. तिथे तिची आई घसरून पडली होती आणि पाटीतला गाळ सगळा अंगावर सांडला होता, आणि मायलेकी दोघी हसत सुटल्या होत्या, इतक्या की मुकादमानं हाकललं. एवढ्या वर्षांत तिनं ही गोष्ट सरांनाही सांगितलेली नव्हती. सर ऐकून म्हणाले, आई हसायची हे मला ठाऊकच न्हवतं.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी बेळगावला आले. वडगावात घर घेतलं, आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट असतो. कोर्टात माझं स्वतःचं टेबल झालं. माझ्याही ऑफिसात खुर्च्या आहेत, आणि लोक त्यावर बसतात. पण एखादा दावा अडला की मला चालावं लागतं. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. माग चालवणारे लोक विचारतात, वकीलबाई काही हरवलं का? तेव्हा मला सरांची आठवण येते आणि हसू येतं.

मध्ये कळलं की उद्यानातलं ठेक्याचं काम संपलं आणि बायका दुसरीकडे गेल्या. मला आक्काची काळजी वाटली. आता गवत नाही, रांग नाही, भाकरीला सोबत नाही. पुन्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली असेल तर? सरांना फोनवर विचारायचा धीर होईना. ते स्वतःहून काही बोलले नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी निपाणीला गेले. खरं सांगायचं तर सल्ल्यासाठीच गेले होते. एका वाटणीच्या दाव्यात मी पार अडकले होते, पिशवीत जाडजूड फाईल होती, आणि चौकीपर्यंत चालता चालता ती सरांपुढे मोकळी करायची असं ठरवून टाकलं होतं. ऑफिसला कुलूप. मी सरळ कालव्यावर गेले.

पाणी चालू होतं. पोरं घसरगुंड्यांवर ओरडत होती, भडंगवाल्यापुढे गर्दी होती. पिंपळाखालच्या बाकावर आक्का बसली होती. धुतलेलं, घडीचं लुगडं, अंग चांगलं भरलेलं. हातात खुरपं नव्हतं. हात मांडीवर होते आणि बोटं स्वस्थ होती. तिच्या शेजारी, बाकाच्या अगदी पुढच्या कडेवर, आमचे सर बसलेले. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात साधा शर्ट. त्यांना बसण्याची सवय नव्हती हे लांबूनही कळत होतं, पाय सारखे हलत होते.

माझ्या आधी एक पक्षकार तिथे पोचला होता. कागदांची पिशवी छातीशी धरून उभा. त्यानं जयभीम घातला, सरांनी घातला, आणि सर उठायला लागले. आक्कानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आज ऐतवार हाय," ती त्या माणसाला म्हणाली. "वकील फिराय आल्यात. उद्या या."

तो माणूस सरांकडे बघायला लागला. सर माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काहीतरी अर्ज करून त्यांना सोडवीन. मी काही सोडवणार नव्हते. तो माणूस मान हलवून भडंगवाल्याकडे गेला.

आक्कानं मला बघितलं, जवळ बोलावलं, माझ्या गालावरून हात फिरवला. मग पिशवीकडे बघून विचारलं, "त्यात काय हाय गं?"

"काही नाही आक्का," मी म्हटलं. "असंच."

"मग बस."

सर सरकले. मी दोघांच्या मध्ये बसले आणि पिशवी बाकाखाली ढकलली. समोरून पाणी चाललं होतं. आक्का त्याकडे बघत होती. मग सरांना राहवलं नाही. ते माझ्यावरून वाकून हळूच म्हणाले, "आक्का, बरं वाटतंय न्हवं तुला?"

"गप बस की," आक्का म्हणाली. "बघू दे."

सर मागे टेकले.